ज्याचं त्याचं सोंग

जुलैची सुरुवात, शनिवारची दुपार आणि पिट्सबर्गचा नदीकाठचा दमट उकाडा. अ‍ॅलेगेनी नदीला लागून असलेल्या डेव्हिड एल. लॉरेन्स कन्व्हेन्शन सेंटरबाहेरचा रस्ता अडवलेला असतो. दोन्ही बाजूंना लेकरांना खांद्यावर घेतलेले आईबाप, मोबाइल वर धरलेली तरुण मुलं, घडीच्या खुर्च्या टाकून तासभर आधी जागा धरलेली म्हातारी मंडळी. मग समोरून लांडगे येतात, कोल्हे येतात, निळ्या आयाळीचा सिंह येतो, गुलाबी ठिपक्यांचा तरस येतो, पंख सावरत एखादा ड्रॅगन येतो. सगळे दोन पायांवर. कोणी नाचत, कोणी लाजल्याचं नाटक करत, कोणी रस्त्याकडेच्या पोरांना टाळ्या देत. ही फरसूट परेड, नकली फरचे प्राणीपोशाख घातलेल्यांची मिरवणूक. याच इमारतीत 2009 च्या सप्टेंबरात जी-20 देशांचे प्रमुख जमले होते, तेव्हा शहराने दुकानांना फळ्या ठोकल्या होत्या. लांडग्या-कोल्ह्यांसाठी तीच दुकानं दारात पंजांचे ठसे चिकटवतात.

या संमेलनाचं नाव अँथ्रोकॉन. माणसासारखे वागणारे, बोलणारे, कपडे घालणारे प्राणी चितारणं, लिहिणं, शिवणं आणि अंगावर चढवणं हा ज्यांचा छंद, त्या ‘फरी’ मंडळींचं हे चार दिवसांचं वार्षिक संमेलन. 1997 साली न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बनीत ते सुरू झालं, मग काही वर्षं फिलाडेल्फियाच्या परिसरात भरलं आणि 2006 पासून पिट्सबर्गला स्थिरावलं. 2019 मध्ये तिथे साडेनऊ हजारांच्या आसपास लोक आले होते. कोविडची दोन वर्षं संमेलन भरलं नाही. त्यानंतर 2023 मध्ये आकडा साडेतेरा हजारांवर आणि 2024 मध्ये साडेसतरा हजारांवर गेला. शिकागोजवळच्या रोझमाँटला डिसेंबरच्या सुमारास भरणारं मिडवेस्ट फरफेस्टही याच तोलाचं आहे. जर्मनीत युरोफरेन्स 1995 पासून चालू आहे, जपानमध्ये तोयोहाशीला असंच एक संमेलन भरतं. म्हणजे दहा-वीस विक्षिप्तांचा हा कारभार राहिलेला नाही.

दिवाळी अंकासाठी ‘मुखवटे’ हा विषय निघाला की लिहिणाऱ्याचं मन आपसूक मानसशास्त्राकडे वळतं: मुखवट्यामागे कोण, खरा चेहरा कुठला, माणसाला जनावर का व्हावंसं वाटतं? अमेरिकी पत्रकार गेली पंचवीस वर्षं फरींना हेच विचारत आलेत आणि उत्तरं फारशी हाती लागलेली नाहीत. त्यापेक्षा बाजारात किंवा जत्रेत उभं राहून आपण सहज विचारू असे प्रश्न इथे जास्त उपयोगी पडतात. हे बनवलं कोणी? पैसे कोणी दिले? आणि हा जो निळ्या आयाळीचा सिंह आहे, तो कोणाच्या मालकीचा? या प्रश्नांचा माग काढला की एक गोष्ट ठळक होते. ज्या काळात छंद म्हणजे कुठल्यातरी कंपनीच्या पात्रांवर प्रेम करणं असं समीकरण झालंय, त्या काळात इथे हजारो माणसं स्वतःचं पात्र स्वतः घडवून, स्वतःच्या खर्चाने आणि एकमेकांच्या फुकटच्या मेहनतीवर उभं करतात. या संमेलनातलं जे चांगलं आहे ते त्यातून येतं, आणि जे बिघडतं तेही त्यातूनच.

एक डोकं घडताना

सुरुवात डोक्यापासून करावी, कारण फरसूटचा जीव डोक्यात असतो. गाद्या-सोफ्यात वापरतात तसला फोम घ्यायचा, त्याचे तुकडे कापून ग्लू गनने एकमेकांना चिकटवायचे आणि कात्रीने छाटत छाटत थोबाड, गाल, कपाळ काढायचं. हल्ली काही कारागीर आतला सांगाडा थ्रीडी प्रिंटरवर काढून घेतात, पण फोमवाले अजून भरपूर आहेत, कारण फोम हलका असतो आणि पडला तरी फुटत नाही. त्यावर नकली फर चढते. ही फर कापायची एक रीत आहे. कात्री लावली तर केस अर्ध्यात कापले जातात आणि शिवण उघडी पडते. म्हणून कापड उलटं करून पाठीमागचं विणकाम तेवढं ब्लेडने चिरायचं. केसांचा कल कुठल्या दिशेला आहे तेही पाहावं लागतं: गालावरची लव मागे वळली पाहिजे, कपाळावरची वर. मग न्हाव्याकडे असतो तसल्या ट्रिमरने नाकाजवळची लव बारीक करायची. कारागिराच्या खोलीत या वेळी इतका भुसा उडतो की तोंडाला मास्क लावल्याशिवाय बसता येत नाही.

डोळे हे खरं कसब. बुबुळं सच्छिद्र जाळीवर रंगवलेली असतात; बाहेरून रंग दिसतो, आतून त्याच जाळीतून पाहायचं असतं. बुबुळ डोळ्याच्या खाचेत थोडं आत बसवलं की एक गंमत होते. तुम्ही डावीकडे सरका की उजवीकडे, ते तुमच्याकडेच रोखून पाहतंय असं वाटतं. रस्त्याकडेच्या पोराला ‘लांडग्याने माझ्याकडेच बघितलं’ असं वाटतं ते या खाचेमुळे. आत असलेल्या माणसाला मात्र समोरचं जेमतेम दिसतं. पायाखालचं तर नाहीच. जिन्याची पायरी आणि चार वर्षांचं पोर या दोन्ही गोष्टी त्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेर असतात.

अंगाच्या पोशाखासाठी गिऱ्हाईकाचं माप घ्यायची पद्धत तर पाहण्यासारखी आहे. गिऱ्हाईक टेक्सासला, कारागीर ओरेगनला. शिंप्यासमोर उभं राहण्याची सोय नाही. मग गिऱ्हाइकाने जुने कपडे अंगावर चढवायचे आणि घरच्या कोणाकडून मानेपासून घोट्यापर्यंत स्वतःला चिकटपट्टीत गुंडाळून घ्यायचं. मग ते कवच अंगावरून जपून कापून काढायचं, घडी करून कुरियरने पाठवायचं. कारागीर त्यात भरण भरून पुतळा उभा करतो आणि त्यावर पोशाख बेततो. मागच्या पायांना जनावराचा बाक यावा म्हणून मांड्या-पोटऱ्यांत फोमच्या गाद्या भरल्या जातात. शेपटी पट्ट्याला अडकते. चांगल्या कारागिराचा पूर्ण पोशाख दोन ते पाच हजार डॉलर, नावाजलेल्याचा त्याहून बराच महाग, आणि रांग वर्ष-वर्षाची. आपल्या हिशेबात दोन ते चार लाख रुपये.

इथे पहिला आक्षेप येतो: हे श्रीमंत पोरांचे चोचले आहेत. किंमत पाहिली तर आक्षेप रास्त आहे, पण त्यात एक गृहीत धरलेलं असतं की फरी म्हणजे फरसूट घातलेला माणूस. 2019 च्या परेडमध्ये दोन हजारांहून थोडे जास्त पोशाख होते, म्हणजे आलेल्यांत चौथ्या हिश्शाहूनही कमी. या समाजाचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या संशोधकांच्या पाहण्यांतही पोशाख बाळगणारे साधारण पंधरा ते पंचवीस टक्क्यांच्या घरातच सापडतात. उरलेले काय करतात? कोणी नुसती शेपटी लावतो, कोणी कान. बहुतेक जण टी-शर्टवर येतात आणि गळ्यात एक बॅज अडकवतात. या बॅजकडे आपण वळू, कारण पोशाखापेक्षा तो जास्त बोलका आहे. बाकी पैशाचा प्रश्न उरतोच. हॉटेलची खोली, विमानाचं भाडं, प्रवेशशुल्क हे सगळ्यांना झेपत नाही, आणि म्हणून एका खोलीत पाच-सहा जण दाटीवाटीने झोपतात.

नायक नसलेला छंद

स्टार वॉर्सच्या चाहत्यांना ल्यूक स्कायवॉकर आहे, हॅरी पॉटरच्या चाहत्यांना हॅरी. फरींना कोण आहे? कोणी नाही. डिस्नेचा 1973 चा ‘रॉबिन हूड’, ज्यात रॉबिन हा कोल्हा आहे, तो लहानपणी पाहिल्याचं पुष्कळ जण सांगतात, पण संमेलन त्याच्यासाठी भरत नाही. 1980 साली बॉस्टनच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात स्टीव्ह गॅलाची यांनी लावलेल्या एका मार्जारमुखी सैनिकेच्या चित्राभोवती काही लोक गप्पा मारत जमले. पुढे विज्ञानकथावाल्यांच्या संमेलनांत रात्री हॉटेलच्या एखाद्या खोलीत प्राणीवाल्यांच्या मैफली भरू लागल्या, आणि 1989 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथे पासष्ट जणांचं स्वतंत्र संमेलन झालं. या सगळ्यात कुठेही एक ग्रंथ नाही, एक मालिका नाही, एक लेखक नाही.

नायक नसला की प्रत्येकाला आपला नायक घडवावा लागतो. त्याला ‘फरसोना’ म्हणतात: एक प्राणी, त्याचे रंग, स्वभाव, नाव. लांडगे, कोल्हे, कुत्री, मोठी मांजरं आणि ड्रॅगन यांची चलती आहे; अँथ्रोकॉनचे अनेक वर्षांचे अध्यक्ष सॅम्युएल कॉनवे हे रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेले, आणि त्यांचं पात्र मात्र झुरळ, तेही सामुराई. पात्र सुचलं तरी चित्र काढता येईलच असं नाही. मग चित्रकाराकडे जायचं. आधी ‘रेफरन्स शीट’ होते, म्हणजे पात्र पुढून कसं, मागून कसं, कुठला रंग कुठे. घर बांधण्याआधी नकाशा असतो तशी. मग त्या शीटवरून दुसरा चित्रकार बॅज काढतो, तिसरा एखादा प्रसंग, चौथा पोशाख शिवतो. बॅजवर त्या पात्राचं चित्र आणि नाव. नोंदणीच्या टेबलावर सरकारी ओळखपत्र दाखवावं लागतं, पण त्यानंतर चार दिवस त्या नावाला कोणी विचारत नाही.

त्यामुळे संमेलनातली सगळ्यात गजबजलेली जागा मुख्य सभागृह नसते. ती असते डीलर्स डेन आणि शेजारची आर्टिस्ट्स अ‍ॅली, म्हणजे ओळीने मांडलेली टेबलं. टेबलापाशी चित्रकार बसलेला, समोर दरपत्रक: नुसतं डोकं इतक्याला, अर्धं अंग तितक्याला, रंग भरून वर एवढे. शुक्रवारी सकाळी दार उघडलं की नामांकित चित्रकारांच्या ऑर्डरी पहिल्या तासा-दोन तासांत भरतात आणि पाटी लागते. मग तो माणूस रविवार संध्याकाळपर्यंत मान खाली घालून रेघोट्या ओढत राहतो. पलीकडे शेपट्या टांगलेल्या, नकली दात मांडलेले, कान लावलेले हेअरबँड. कॉमिक-कॉनसारख्या मोठ्या मेळाव्यात लोक नटाच्या सहीसाठी रांग लावतात. इथे पाहुणे असतात, कार्टूनमध्ये आवाज देणारे, लेखक, ॲनिमेटर. पण रांग लागते ती दुसऱ्या फरीसमोर, आपलं पात्र त्याच्या हातून काढून घ्यायला.

कंपन्यांना हे कळलं नाही असं नव्हे. 2016 मध्ये डिस्नेचा ‘झूटोपिया’ आला तेव्हा प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या एका संस्थेने फरी गटांना पत्र धाडून पोशाखातले फोटो हॅशटॅग लावून टाकायला सुचवल्याच्या बातम्या आल्या. फरींनी सिनेमा डोक्यावर घेतला, त्यातल्या कोल्ह्या-सशाची चित्रं शेकड्यांनी काढली आणि पुन्हा आपापल्या पात्रांकडे वळले. विकत घेण्यासारखी मध्यवर्ती वस्तूच नसली की कंपनीने विकत काय घ्यायचं?

आता इथे एक पक्का आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. मालक नाही म्हणता, मग या मंडळींत पात्र चोरल्याच्या तक्रारीवरून एवढी भांडणं का होतात? एखाद्याच्या फरसोनाची रंगसंगती उचलली तर बोभाटा होतो. काही काल्पनिक प्रजाती ‘बंद’ आहेत, म्हणजे तो प्राणी ज्याने कल्पिला त्याच्या परवानगीशिवाय, कधी पैसे मोजल्याशिवाय, त्या जातीचं पात्र करता येत नाही. तयार आराखडे विकले जातात, गाजलेल्या कारागिरांचे पोशाख लिलावात दहा हजार डॉलरच्या वर गेलेत. तेव्हा मालकी संपली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. इथे घडलंय ते असं की मोठी जमीनदारी नसल्यामुळे मालकीचे हजारो बारीक तुकडे झालेत, आणि बांधावरून भांडणंही तेवढीच. भाऊबंदकी कशी असते हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. पण ज्याच्या नावावर एक गुंठा आहे त्याला त्या गुंठ्याची जी काळजी असते, ती करोडोंच्या सिनेमाच्या चाहत्याला त्या सिनेमाची असू शकत नाही. फार तर त्याचं वेड असू शकतं.

सोंगांचं आपल्याला कौतुक नवं नाही, असंही कोणी म्हणेल, आणि मोखाडा-जव्हारच्या बोहाड्याकडे बोट दाखवेल. तिथेही डोक्याहून मोठे मुखवटे असतात, गणपतीची सोंड असते, नरसिंहाचा जबडा असतो, संबळाच्या तालावर सोंग नाचतं आणि सगळा गाव रात्रभर बसून पाहतो. फरक हक्काचा आहे. बोहाड्यातलं अमुक सोंग अमुक घराण्याकडे, बापाकडून मुलाकडे. मुखवट्यात शिरणारा माणूस त्याच्या आधी कितीतरी पिढ्यांनी नाचवलेल्या देवाला अंगावर घेतो, आणि त्याने त्या चेहऱ्यात मनचा बदल करायचा नसतो. पिट्सबर्गच्या तरसामागे घराणं नाही, पुराण नाही, देव नाही. त्याला कोणी ओळखत नाही म्हणूनच गळ्यात बॅज लागतो. बोहाड्याच्या सोंगाला गाव आधीपासून असतं. या सोंगांना दरवर्षी चार दिवसांपुरतं ते वसवावं लागतं.

डोकं काढून ठेवायची खोली

ते वसतं कसं हे पाहायचं तर ‘हेडलेस लाउंज’मध्ये डोकावायला हवं. फोटो काढायला तिथे सक्त मनाई, आणि फरसूटवाले व त्यांचे मदतनीस सोडून कोणाला प्रवेश नसतो. मोठाले पंखे गरगरत असतात, पाण्याचे पिंप भरलेले, आणि मांडणीवर लांडग्या-कोल्ह्यांची डोकी वाळत घातलेली. वीस मिनिटं, अर्धा तास पोशाखात नाचून आलेला माणूस इथे येऊन डोकं उतरवतो; खाली ओलाचिंब टी-शर्ट, कपाळाला चिकटलेले केस, आणि पहिली दोन मिनिटं तो बोलूही शकत नाही. फोम आणि फरच्या आत अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. म्हणून अंगाला घट्ट बसणारे, घाम शोषणारे कपडे, काहींच्या डोक्यात बॅटरीवरचे चिमुकले पंखे, काहींच्या छातीवर गोठवलेल्या पिशव्यांची बंडी. डोक्याच्या आतून पातळ केलेल्या अल्कोहोलचा फवारा मारायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्यात तोंड घालवत नाही. या मंडळींचा एक व्यवहारी नियमही आहे: रोज किमान सहा तास झोप, दोन वेळचं जेवण, एक अंघोळ. तो मोठमोठ्याने सांगावा लागतो, यावरूनच समजावं.

आणि प्रत्येक भरलेल्या पोशाखामागे एक साधा माणूस चालत असतो. हँडलर. जिना आला की कोपर धरणारा, ‘डावीकडे पोर आहे’ असं कुजबुजणारा, पाण्याच्या बाटलीत नळी घालून जबड्यातून आत सरकवणारा, कोणी मागून शेपटी ओढली तर हात आडवा घालणारा. बरेच जण पोशाखात असताना मुळीच बोलत नाहीत. त्यांच्या वतीने बोलायचं कामही याचंच. त्याला टाळ्या नाहीत, फोटो नाहीत, पैसेही बहुधा नाहीत. उद्या तो पोशाखात असेल आणि आजचा लांडगा त्याचा हात धरेल.

हाच हिशेब वर सगळीकडे लागतो. अँथ्रोकॉन ही ना-नफा संस्था आहे आणि ती चालवणारे बिनपगारी. नोंदणी, सुरक्षा, आवाजाची यंत्रणा, नाचाची स्पर्धा, चित्रांचा लिलाव, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एखाद्या स्थानिक संस्थेला दरवर्षी दिली जाणारी देणगी, सारं रजा टाकून आलेल्यांच्या हातून. मोठ्या पुरस्कर्त्याच्या जागी काही सभासदच जास्त वर्गणी भरून ‘स्पॉन्सर’ होतात. आपल्या गणेशोत्सवांसारखे हे लोक वर्गणीकडून जाहिरातीच्या कमानींकडे अजून वळलेले नाहीत.

स्वयंसेवकांची कसोटी 2014 च्या डिसेंबरात लागली. रोझमाँटच्या हॉटेलात मिडवेस्ट फरफेस्ट चालू असताना मध्यरात्रीनंतर एका जिन्यात क्लोरीनची पूड टाकलेली आढळली. वायू पसरला, हजारो लोकांना थंडीत बाहेर काढावं लागलं, एकोणीस जणांना इस्पितळात न्यावं लागलं. पोलिसांनी हे मुद्दाम केलेलं कृत्य धरूनच तपास केला. टीव्हीच्या बातमीत निवेदिकेला हसू आवरेना, कारण पडद्यावर पोशाखातली माणसं दिसत होती. हॉटेल मोकळं झाल्यावर लोक पहाटे आत परतले, आणि रविवारचे कार्यक्रम झाले.

लोक काय म्हणतात

ते हसू कुठून आलं हेही पाहायला हवं. 2001 मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाने आणि 2003 मध्ये ‘सीएसआय’ या लोकप्रिय मालिकेच्या एका भागाने फरी म्हणजे पोशाखातले लैंगिक चाळे, हे चित्र घरोघरी पोचवलं. त्यानंतर अनेक वर्षं अँथ्रोकॉनने पत्रकारांना सोबतीला माणूस दिल्याशिवाय फिरू दिलं नाही. आक्षेप पूर्ण खोटा आहे असं म्हणायचं कारण नाही. प्रौढांसाठीची चित्रं या छंदात आहेत, विकली जातात, वयाची खातरजमा करून वेगळी ठेवली जातात. ज्या समाजात बहुतेक जण विशीतले आणि मोठा हिस्सा समलिंगी किंवा उभयलिंगी आहे, तिथे शरीराबद्दल बोललं जाणार नाही अशी अपेक्षाही विचित्र आहे. पण हे मूळ कारण असतं तर फोमच्या बंदिस्त, घामट, बाहेरचं धड न दिसणाऱ्या पोशाखावर कोणी चार लाख घातले नसते. कॅथलीन गर्बासी, कोर्टनी प्लांट वगैरे मानसशास्त्रज्ञ 2000 च्या दशकापासून संमेलनांत जाऊन प्रश्नावल्या भरून घेत आलेत. ‘इथे का येता’ याची त्यांना मिळालेली उत्तरं पुन्हा पुन्हा आपलेपणा, मैत्री, निर्मिती यांच्याकडेच जातात. आपण खरंच प्राणी आहोत असं मानणारे फार थोडे. हे पलायन आहे का? असेलही. पण ज्या पळण्यात वर्षभर शिवणकाम, हिशेब आणि हॉटेलशी वाटाघाटी कराव्या लागतात, त्याला पलायन म्हणणं थोडं धाडसाचंच.

दुसरी अफवा ताजी आहे. शाळेत काही मुलं स्वतःला मांजर समजतात आणि त्यांच्यासाठी स्वच्छतागृहात मांजरांसारखे वाळूचे डबे ठेवलेत, ही गोष्ट 2021 च्या अखेरीस मिशिगनच्या मिडलंडमध्ये गाजली. तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याने ती खोटी असल्याचं जाहीर केलं. नेब्रास्काच्या राज्य विधिमंडळातले एक सिनेटर ब्रूस बोस्टलमन यांनी मार्च 2022 मध्ये सभागृहात ती सांगितली आणि नंतर माफी मागितली. तरी त्या वर्षीच्या निवडणुकीत किमान वीस राजकारण्यांनी ती कुठे ना कुठे उगाळल्याचं एनबीसी न्यूजला आढळलं, आणि 2025 मध्ये टेक्सासच्या विधिमंडळात शाळेत प्राण्यासारखं वागायला बंदी घालणारं विधेयक मांडलं गेलं. असा डबा कुठेच सापडला नाही. खरं लक्ष्य ट्रान्सजेंडर मुलं होती, हे कोणालाही कळेल. फरी जवळ होते, हास्यास्पद दिसत होते आणि त्यांच्या बाजूने खटला लढणारी कंपनी नव्हती. मिकी माऊसबद्दल अशी अफवा कोणी उठवली असती तर दुसऱ्या दिवशी वकिलाची नोटीस गेली असती.

त्याउलट एक प्रसंग 2016 च्या मार्चमधला, कॅनडात व्हँकुव्हरजवळचा. फरींचं संमेलन ज्या हॉटेलात होतं, तिथेच युद्धातून सुटलेल्या सीरियन निर्वासित कुटुंबांची तात्पुरती सोय केलेली होती. आयोजकांनी आपल्या लोकांना आधीच बजावलं: यांना हे काय चाललंय ठाऊक नाही, जपून वागा, स्वतःहून अंगाला हात लावू नका. पोरांनी खाली येऊन लांडगे पाहिले आणि त्यांचे गळे धरले. हा प्रसंग गोड म्हणून जगभर फिरला. त्यातली आधीची ती सूचना मात्र फारशी कोणी वाचली नाही.

दार कोणी लावायचं

कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या घरात पाहुण्याला हाकलायचं कोणी? सिअ‍ॅटलजवळचं रेनफरेस्ट हे संमेलन 2015 मध्ये हॉटेलच्या नासधुशीने गाजलं. काही मोजक्या टारगटांनी तुंबवलेली संडासं, भिजलेल्या खोल्या, फोडतोड. पुढच्या वर्षी त्याला जागा मिळाली नाही आणि ते बंद पडलं. 2017 मध्ये डेन्व्हरचं रॉकी माउंटन फर कॉन रद्द झालं: नाझींची आठवण करून देणारी पट्टी दंडावर बांधणाऱ्या एका गटावरून वाद पेटला, धमक्या आल्या, सुरक्षेचा खर्च आवाक्याबाहेर गेला. कंपनीचा मेळावा असता तर एका पत्राने त्या गटाला बाहेर काढलं असतं. इथे कोण फरी आणि कोण नाही हे ठरवणारं पीठ नाही. आहे ती फक्त त्या त्या संमेलनाची दारावरची मंडळी, आणि ती रजा टाकून आलेली. बाकी आठवडाभर ती कुठेतरी संगणकावर काम करत असते.

या अडचणींत आता यंत्राने, म्हणजे एआयने, काढलेल्या चित्रांची भर पडलीय. फर अ‍ॅफिनिटी या फरींच्या सर्वात मोठ्या चित्रदालनाने 2022 मध्येच अशा चित्रांना बंदी घातली. मोठमोठ्या स्टुडिओंच्या आधी या छंदी लोकांनी हा निर्णय का घेतला, ते डीलर्स डेनच्या दरपत्रकात दिसतं: ज्या चित्रकाराचं महिन्याचं घरभाडं पंचवीस बॅजवर अवलंबून आहे, त्याला यंत्र कोणाचा घास घेणार हे आधी कळतं. स्वस्त पोशाखांचंही तसंच. इंटरनेटवर दुसऱ्या कारागिराने केलेल्या पोशाखाचे फोटो लावून भलताच माल पाठवणारे विक्रेते आहेत, आणि पैसे कमी असलेली पोरं त्यात फसतात.

शहराचा हिशेब

पोलादाचे कारखाने गेल्यानंतर पिट्सबर्गला पाहुण्यांची गरज होती, आणि या पाहुण्यांनी शहराला पहिल्या वर्षीच बुचकळ्यात टाकलं. संमेलनाच्या हॉटेलपासून जवळच लिबर्टी अ‍ॅव्हेन्यूवर फर्नांडो डिकार्व्हाल्यो यांचं छोटं कॅफे होतं. त्यांनी लांडग्यांना पिता यावं म्हणून नळ्या ठेवल्या, जेवण कुत्र्याच्या वाडग्यातून वाढायला लागले आणि संमेलनाच्या काळात पाटीवरचं स्वतःचं नावही ‘फर’ घालून बदललं. पुढे कॅफे कर्जात आलं तेव्हा या लोकांनी आपसांत वर्गणी काढून हजारो डॉलर उभे केले. आता पर्यटन संस्था हॉटेलांच्या भरलेल्या खोल्या मोजते, परेडनंतर रस्त्यावर जत्रा भरते.

हे कौतुकच पुढची अडचण आहे. पाचशे लोकांना सांभाळायला मित्र पुरतात. साडेसतरा हजारांना पोलीस, विमा, रुग्णवाहिका, पक्के करार लागतात. सॅन डिएगोचं कॉमिक-कॉन 1970 मध्ये काही शे कॉमिक्सवेड्यांना घेऊन सुरू झालं होतं. संस्था आजही ना-नफाच आहे, पण तिथल्या सर्वात मोठ्या दालनाबाहेर रात्रभर रांग लागते ती स्टुडिओच्या आगामी सिनेमाच्या झलकीसाठी. फरींचंही तसंच होईल, असं कोणी म्हणेल. ते होईल असं वाटत नाही. स्टुडिओला तिथे येऊन दाखवण्यासारखं काही हवं ना. आणि साडेसतरा हजार जण आपापलं दाखवायला आलेले असतात. धोका वेगळ्या बाजूने आहे. बिनपगारी काम करणारा हँडलर पन्नाशीला पोचतोय, त्याचे गुडघे दुखताहेत, आणि नव्याने येणाऱ्या विशीतल्या पोराला पहिल्या वर्षी लांडगाच व्हायचंय, लांडग्याचा हात धरायचा नाही. अँथ्रोकॉन दरवर्षी स्वयंसेवकांसाठी आवाहन काढतं. पोशाख शिवायला पैसे मोजणारे भरपूर आहेत. हेडलेस लाउंजमध्ये पाण्याचे पिंप भरायला माणसं लागतात.